ताई, लोड नको घेऊ, नॅचरल आहे ते

या वेळचं पत्र जुळे सोलापुरातनं आलंय. मोठं आहे, थोडं कमी करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"मावशी नमस्कार. मी २६ वर्षांची, एका पतसंस्थेत कामाला आहे. धाकटा भाऊ २० वर्षांचा, पुण्याला इंजिनिअरिंग करतो. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी चार दिवस घरी आला होता. त्याच्या जीन्स मशीनला लावायच्या म्हणून खिसे बघितले तर गोगो पेपरचं, म्हणजे सिगरेट वळायच्या कागदाचं पाकीट निघालं आणि व्हिजिटिंग कार्डाचा एक तुकडा, गोल गुंडाळलेला. विचारलं तर लाजला पण नाही. म्हणला ताई, लोड नको घेऊ, वीड आहे (म्हणजे गांजा), नॅचरल आहे ते, बाबांच्या माव्यापेक्षा सेफ आहे, अमेरिकेत लीगल आहे आणि सगळेच करतात. मोबाईलवर व्हिडिओ पण दाखवले, मला उत्तरच देता आलं नाही. मग बॅग भरता भरता म्हणला, एकदा पार्टीत एमडी पण (ती नशेची पावडर) ट्राय केलंय, दोनदाच, काही झालं नाही. बाबा टॉवेलच्या कारखान्यात आहेत, दिवसाला आठ-दहा मावे खातात, त्यांना कळलं तर मारतील आणि शिक्षण बंद करतील. आईला बीपी आहे. घरात आधीच धाकट्या काकांचं टेन्शन, ते वीस-बावीस वर्षं गोळ्यांवर आहेत, त्यांना कानात आवाज येतात, आजी म्हणायची बाहेरची बाधा आहे, पण तो विषय आमच्यात कुणी काढत नाही. मावशी, तो म्हणतो ते खरं आहे का? बाबांना सांगू का? — एक ताई"

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे पुढचं नीट वाचशील. बाबांना भावाचं आत्ता सांगू नको. पण भावाला काकांचं सांग, तो पुढच्या वेळी येईल तेव्हाच सांग, लांबवू नको. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

तो म्हणतो त्यातलं बरंच अर्धं खरं आहे. पूर्ण खोटं असतं तर तूच त्याला दोन मिनिटात गप्प केलं असतंस. अर्ध्या खऱ्याला उत्तर द्यायचं तर आधी ते अर्धं मान्य करावं लागतं आणि आपल्याकडं मोठ्यांना नेमकं तेच जमत नाही.

माव्याचंच घे. बाबांचा मावा धोक्याचाच आहे, त्यात तंबाखू आहे, चुना आहे, आणि नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जगभरातल्या डॉक्टरांनी मान्य केलेलं आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि मावा मात्र टपरीवर आपल्यासमोर प्लॅस्टिकच्या कागदात घालून तळहातावर चोळून चोळून मिळतोच. हे लहानपणापासून बघितलेल्या पोराला तू नशा वाईट असते म्हणून सांगायला गेलीस की त्याच्या डोळ्यासमोर बाबांचा फुगलेला गाल येणार. तिथं वाद घालू नको. हो म्हण, बाबांचा मावा वाईटच आहे. (आणि खरंच, बाबांना एकदा आ करायला सांग, त्यांचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का बघ, जात नसतील तर लगेच दाताच्या डॉक्टरकडं ने. पत्राचा विषय तो नाही पण राहवलं नाही मला.)

फक्त माव्यापेक्षा सेफ म्हणजे सेफ नव्हे. आणि त्याला हळूच विचार, त्या गोगो पेपरात सिगरेटची तंबाखू मिसळतोस का, आपल्याकडची बरीच पोरं मिसळतात. म्हणजे तंबाखू आलीच, धूर आला, आणि ज्या सिगरेटला हा नावं ठेवतो तिची सवय मागच्या दारानं घरात आली.

नॅचरल हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय, तेव्हा तो मराठीत होता एवढंच. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो, वाड्यात एक मामा होते, मागावर काम करायचे आणि संध्याकाळी ताडी प्यायचे. मामी काही बोलल्या की म्हणायचे, झाडाचं पाणी आहे गं, थंड असतं, मागावरच्या उष्णतेला औषध आहे. झाडाचं पाणी होतं ते झाडावर होतं तोपर्यंत. प्यायला मिळेपर्यंत त्यात क्लोरल हायड्रेट पडलेलं असायचं, म्हणजे झोप आणणारं केमिकल. एका दिवाळीत ताडी दोन दिवस मिळाली नाही तर त्यांचे हात असे कापायला लागले की चहाची बशी दातावर कडकड वाजत होती, मी समोर बसले होते, आठ-नऊ वर्षांची असेन, तो आवाज अजून कानात आहे. रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या चालताना दिसायला लागल्या. तेव्हा कुठं घरच्यांना कळलं की इतकी वर्षं माणूस पाणी पीत नव्हता. आता तुझा भाऊ म्हणतो नॅचरल, तर धोतरा पण नॅचरलच आहे की, आपण महादेवाला वाहतो, खात नाही.

अमेरिकेत लीगल आहे, बरोबर, बऱ्याच राज्यांत आहे. पण २१ पूर्ण झाल्याशिवाय तिथला दुकानदार विकत नाही आणि तुझा भाऊ २० चा आहे. तिथं पाकिटावर टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, किती टक्के आहे ते छापलेलं असतं. पुण्यात कुणाच्या तरी गाडीच्या डिक्कीतनं आलेल्या पुडीवर काय छापलेलं असतं, विचार त्याला.

आणि सगळेच करतात हे तर मला पटतच नाही. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी देशभर सर्व्हे केला होता, २०१९ ला रिपोर्ट आला. १० ते ७५ वयाच्या लोकांत वर्षभरात भांग, गांजा, चरस यातलं काहीही घेतलेले २.८ टक्के निघाले, शंभरात तीन पण नाहीत, आणि त्यात पण भांगवालेच जास्त, गांजा-चरसवाले १.२ टक्के. पुण्यातली विशीतली पोरं वेगळी काढली तर आकडा वाढणार हे मला कळतं. पण सगळे नाहीत. होतं काय की जो ओढतो तो टेरेसवर दिसतो, हसताना दिसतो, स्टोरीत दिसतो, आणि जो जेवून रूमवर झोपलाय त्याची स्टोरी कोण टाकणार. ज्याचं बिघडलं तो तर एक वर्ष ड्रॉप घेऊन गावी गेलेला असतो, त्याच्याबद्दल ग्रुपमध्ये फक्त एवढंच बोलतात की तो घरी गेलाय. म्हणून विशीतल्या पोराला धोका दिसतच नाही, त्याच्या नजरेसमोर फक्त टिकलेले असतात.

आता मला खरं तर जे बोलायचंय ते. 'काही झालं नाही' या शब्दांवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. बघ, तो आधी एकदा म्हणला आणि लगेच पुढं दोनदाच झालं, तुझ्या लक्षात आलं का? ही पोरं खोटं बोलत नसतात, त्यांचं मोजायचं गणितच वेगळं असतं. ती आजच्या एका वेळेचा धोका मोजतात. आज ओढला, उद्या लेक्चरला गेलो, म्हणजे धोका शून्य. परवा परत शून्य. शून्य शून्य मिळवत गेलं की शून्यच येणार असं त्यांना वाटतं. आणि हेच गणित बाबांचं पण आहे की, आजच्या एका माव्यानं कुणाला कॅन्सर होत नाही म्हणून दहावा पण चालतो. बाप-लेक एकमेकांना नावं ठेवतात पण पाटी एकच आहे दोघांची. एकेका वेळेला धोका अगदी बारीक असतो, शून्य नसतो. गांजा ओढणाऱ्या दहातल्या एकाला तो सुटत नाही असं अभ्यासात दिसतं, आणि ज्यांनी अठराच्या आत सुरू केला त्यांच्यात सहातला एक. दहातले नऊ सुटतात हे खरंच आहे, म्हणून तर प्रत्येकाला आपण नवातला वाटतो.

त्यात मित्र असले की अजून वेगळं होतं. अमेरिकेत २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम होता, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं का रेटायचं. १३ ते १६ ची मुलं एकटी खेळली तेव्हा मोठ्यांसारखीच खेळली, पण मित्र मागं उभे केले तर धोका दुप्पट घ्यायला लागली, १८ ते २२ वाली दीडपट, आणि २४ च्या वरच्यांना मित्र असून नसून काही फरक पडला नाही. तुझा भाऊ मधल्या गटातला. त्याला सगळी माहिती असते गं, घरी तुझ्यासमोर बसून तो अगदी शहाण्यासारखं बोलेल, पण रात्री दीड वाजता रूमवर पाच जण असताना ती माहिती उपयोगाला येत नाही. म्हणून त्याला नुसती माहिती देऊन भागणार नाही, 'पाच जणांत नाही कसं म्हणतोस' हे त्याच्याकडनंच काढून घ्यायला पाहिजे.

इथं माझी पण एक चूक सांगते. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा दरवर्षी २६ जूनला, अंमली पदार्थ विरोधी दिन असतो ना, तेव्हा कार्यक्रम माझ्याकडं असायचा. कवटीचं पोस्टर, शपथ, आणि एका झुरक्यात आयुष्य बरबाद असं भाषण. एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर एक मुलगा थांबला, म्हणला मॅडम, माझा रूममेट दोन वर्षं ओढतोय आणि तो टॉपर आहे, मग तुम्ही सांगितलं ते कसं? मला उत्तर आलं नाही म्हणून मी त्याला झापलं, असल्या मित्रांच्या नादाला लागू नको म्हणून. तो परत कधी माझ्याकडं आला नाही. नंतर कळलं की त्याला रूममेटबद्दल नाही, स्वतःबद्दल विचारायचं होतं. अमेरिकेत पण १९८३ पासून शाळाशाळांत पोलिसांना पाठवून असाच मोठा कार्यक्रम चालवला, नंतर तपासलं तर तो कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. मुलांना एक गोष्ट खोटी सापडली की ती उरलेल्या खऱ्या गोष्टी पण सोडून देतात. गांजानं एका झुरक्यात माणूस मरत नाही हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं, मग एमडीबद्दल आपण खरं सांगितलं तरी ती म्हणतात, हे पण तसंच असेल.

म्हणून गांजा आणि एमडी एका दमात बोलू नको. त्यानं तसं बोलून दाखवलं, 'एमडी पण', तो 'पण' मला खुपला. एमडी म्हणजे मेफेड्रोन, पूर्ण केमिकल, त्यात नॅचरल काही नाही. आणि ते बनतं कुठं, तर ऑक्टोबर २०२३ ला मुंबई पोलिसांनी आपल्याच चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर धाड टाकून एमडी पकडलं होतं, मोहोळच्या रस्त्याला लागलं की येतं ते. २०२५ ला तुळजापूरचं एमडीचं प्रकरण गाजलं. शेडमध्ये बनणाऱ्या पावडरीत काय किती पडलंय हे विकणाऱ्याला पण माहीत नसतं, त्यामुळं मागच्या वेळची लाइन आणि या वेळची लाइन सारखी दिसली तरी सारखी असेलच असं नाही. नशा दोन-तीन तासांत उतरते आणि उतरताना लगेच परत घ्यावीशी वाटते, म्हणून पोरं एका रात्रीत चार चार वेळा घेतात. हृदय धडधडतं, अंग तापतं, झोप उडते, दात आवळले जातात, दोन दिवसांनी मन इतकं खाली जातं की उठवत नाही, आणि काहींना कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटायला लागतं. गांजाच्या बाबतीत मी तुझ्या भावाशी तासभर चर्चा करीन, एमडीच्या बाबतीत नाही. ते आत्ता थांबायला पाहिजे.

कायद्याचं पण त्यांच्या डोक्यात अर्धवट असतं. 'स्मॉल क्वांटिटी' हा शब्द कुठंतरी ऐकलेला असतो आणि तेवढं चालतं असा समज. चालत नाही, फक्त शिक्षा कमी असते. एमडीत ती मर्यादा २ ग्रॅम आहे, तिथपर्यंत एक वर्षापर्यंत कैद, आणि २ ग्रॅमच्या वर गेलं की दहा वर्षांपर्यंत. आता असा विचार कर, पाच जणांनी पैसे काढले आणि आणायला एकाला पाठवलं, रस्त्यात नाकाबंदी लागली. खिशातली पुडी पाच जणांची आहे हे कुणी मानत नाही, ज्याच्या खिशात सापडली त्याची. बहुतेक वेळा पाठवतात कुणाला, तर ग्रुपातल्या साध्या, नाही म्हणता न येणाऱ्या पोराला. तुझा भाऊ तसा आहे का ते तुला माहीत.

आता काका.

तू ते आईच्या बीपीच्या पुढं, टेन्शनच्या यादीत लिहिलंस आणि पुढं गेलीस. पूर्ण पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. कानात आवाज येणं, वीस-बावीस वर्षं गोळ्या, याला बाधा म्हणत नाहीत गं, हा मनाचा-मेंदूचा आजार आहे, नेमका कोणता ते त्यांच्या फाइलीत लिहिलेलं असेल. असले आजार, स्किझोफ्रेनियासारखे, रक्ताच्या नात्यात कुणाला असले तर पुढच्या पिढीत धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बहुतेकांना काही होत नाही, हे पण तितकंच खरं आहे, घाबरून जाऊ नको. पण ज्यांच्यात ती बाजू आधीच कच्ची असते त्यांच्यात गांजा, आणि तोही रोजचा, जास्त टीएचसीवाला, त्या आजाराला धक्का देऊन बाहेर काढू शकतो. एमडीसारख्या उत्तेजक पावडरी पण तेच करतात. मुलग्यांच्यात हा आजार पहिल्यांदा दिसायचं वय साधारण अठरा-वीस ते पंचवीस. काकांचं कधी सुरू झालं, विचारलंयस का कधी घरात?

म्हणजे बघ, त्याच्या रूमवरचे पाच जण एकाच पेपरातनं ओढतात पण पाची जणांचा धोका सारखा नाही. मित्राला काही झालं नाही यावरनं त्याला स्वतःबद्दल काहीच कळत नाही. आणि हे त्याला माहीत नाही यात त्याची चूक नाही, त्यानं व्हिडिओ बघितले, वाचलं, हिशोब केला, पण हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा तुमच्या घरात होता आणि तो त्याच्यापासनं झाकून ठेवला होता. आपल्याकडं असंच होतं. लग्नं मोडतील, लोक काय म्हणतील म्हणून काकांना आतल्या खोलीत ठेवायचं आणि पोरांना सांगायचं बाधा आहे. आजीला दोष देत नाही मी, तिच्या काळात तिला तेवढाच शब्द मिळाला होता. पण तुला दुसरा माहीत आहे.

काकांना हा आजार गांजामुळं झाला असं मात्र चुकून पण सांगू नको, ते खरं असेलच असं नाही, आणि भावानं आईला विचारलं की तू परत खोटी ठरशील.

कसं सांगायचं? घरात नको, आईच्या कानावर जाईल. बाईकवर मागं बस, कंबर तलावाकडं घेऊन जा म्हण, तिथं बसून सांग. सुरुवात गांजानं करू नको. 'तुला काकांचं कधी कुणी सांगितलंच नाही, मला पण नाही, मी आता माहिती काढलीये' इथनं कर. मग जे कळलंय ते सरळ सांग, आणि मग विचार की हे धरून तुझा हिशोब काय येतो. आणि गप्प बस. दोन मिनिटं तो काही बोलणार नाही, ती शांतता तू भरू नको. कदाचित तोच सांगेल, की मध्ये एकदा ओढल्यावर सगळे माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटत होतं. असं काही बोलला तर ते साधं समजू नको. रात्र रात्र झोप न लागणं, एकटं एकटं राहणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, नशा उतरल्यावर पण तसंच राहणं, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात मानसोपचाराच्या डॉक्टरकडं न्यायचं. आपल्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. उपचार घ्यायला येणाऱ्याला डॉक्टर पोलिसात देतील ही भीती पोरांना फार असते. पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन २०१७ च्या कायद्यानंच डॉक्टरवर घातलंय. इतकंच काय, अंमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-अ कलम आहे, व्यसनात अडकलेला माणूस थोड्या मालात किंवा घेतल्याच्या केसमध्ये सापडला आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर त्याला खटल्यातनं सूट मिळू शकते. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. नुसतं व्यसनाबद्दल विचारायचं असेल तर १४४४६. तू पण लाव, फक्त पेशंटनंच लावायचा असं नसतं, तू एकटी हे डोक्यावर घेऊन पतसंस्थेत आकडेमोड करतेयस हे मला पत्रातनं दिसतंय.

तो म्हणला की सोडतो, तर पहिला आठवडा त्याला जड जाईल हे आधीच सांगून ठेव. चिडचिड, झोप नाही, जेवण जात नाही, विचित्र स्वप्नं. रोज ओढणाऱ्याला असं होतं आणि साधारण दोन आठवड्यांत कमी येतं. नाहीतर तिसऱ्या दिवशी त्याला वाटेल की बघ, ओढत होतो तेव्हाच बरा होतो.

आणि नाही सोडला तर? तर पण बोलणं बंद करू नको. एक गोष्ट त्याच्याकडनं कबूल करून घे आणि तू पण कबूल कर. रात्री तीन वाजता त्याला किंवा त्याच्या मित्राला काही झालं, अंग भट्टीसारखं तापलं, छातीत दुखायला लागलं, झटका आला, हाक मारून उठत नाही, श्वास संथ झाला, तर आधी १०८ ला फोन, मग तुला. तू त्या रात्री एक पण प्रश्न विचारणार नाहीस. झोपलेल्याला एका कुशीवर वळवायचं म्हणजे उलटी घशात जाणार नाही, एकट्याला सोडून जायचं नाही, बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबूपाणी, ताक काही घालायचं नाही, आणि डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगायचं. पार्टीत पोरं घाबरून मित्राला झोपू दे म्हणतात आणि खोलीचं दार लावून घेतात, सकाळपर्यंत उशीर झालेला असतो.

बाबांना कधी सांगायचं ते पण सांगते. एमडी परत घेतलं, घरातनं पैसे जायला लागले, कॉलेजला जाणं बंद झालं, किंवा वर सांगितलेली लक्षणं दिसून पण डॉक्टरकडं यायला तयार नाही, यातलं काही झालं तर सांगायचं, आणि भावाला आधी बजावून सांगायचं की मी सांगणार आहे. पाठीमागनं सांगितलंस तर तो पुढचं काहीच तुला सांगणार नाही. एकटीनं सांगू नको, ज्याचं बाबा ऐकतात असा एखादा मामा, आत्या सोबत घे. शिक्षण बंद करून घरी आणून बसवणं हा उपाय नाही हे बाबांना त्यांच्यापैकी कुणीतरी समजवावं लागेल, तुझं ते ऐकणार नाहीत.

पण बाबांशी एक बोलणं तुला आताच करायचंय, भावाचं नाव न काढता. रविवारी दुपारी ते निवांत असतील तेव्हा विचार, काकांना पहिल्यांदा कधी सुरू झालं, किती वर्षांचे होते, डॉक्टर काय म्हणले होते. चिडतील, विषय टाळतील, परत विचार. फाइल कुठल्या कपाटात आहे ते आईला नक्की माहीत असेल. फाइल मिळाली नाही तर काकांच्या आत्ताच्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो काढून ठेव, ज्या बाजूला नाव छापलेलं असतं त्या बाजूचा. त्यावरनं डॉक्टरला बरंच कळतं.